टाइनच्या काठी टायग्रिसचे नावाडी

ईशान्य इंग्लंडमध्ये शिकायला आलेले आपले विद्यार्थी हेड्रियनची भिंत, म्हणजे रोमन सम्राट हेड्रियनने उभारलेली साम्राज्याची सीमाभिंत, पाहायला जातात ते बहुधा थेट टेकड्यांवर. माझा आग्रह असा आहे की ही सहल टाइन नदीच्या मुखाशी, साउथ शील्ड्सच्या आर्बिया या रोमन किल्ल्यापासून सुरू करावी. न्यूकॅसलहून पिवळ्या मार्गाची मेट्रो थेट तिथे जाते आणि शेवटच्या स्थानकापासून किल्ला पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तो वर्षभर उघडा नसतो, म्हणून निघण्यापूर्वी वेळा पाहून घ्याव्यात.

इ.स. 208च्या सुमारास सम्राट सेप्टिमियस सेव्हरस याने स्कॉटलंडवर स्वारी केली, तेव्हा हा किल्ला रसदेचा तळ झाला. धान्यकोठारांचे दगडी पाये अजूनही ओळीने दिसतात. मला मात्र तिथे ओढून नेले ते एका उत्तर-रोमन यादीने. या ठाण्यावर टायग्रिसच्या, म्हणजे आजच्या इराकमधील नदीच्या, नावाड्यांची तुकडी नेमल्याची नोंद तीत आहे. माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातून ब्रिटिश हिंदी फौजेच्या 117व्या मराठा पलटणीत भरती झाले होते आणि पहिल्या महायुद्धात, 1915 साली, सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर त्याच टायग्रिसच्या काठाने टेसिफोनपर्यंत लढत गेले होते. पुढे त्याच नदीकाठच्या कूत गावी तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात धान्य संपले आणि 29 एप्रिल 1916 रोजी फौजेने शरणागती पत्करली. पणजोबा कैदेतून जिवंत परतले, पण त्यांनी घरी पाठवलेले एकही पत्र आमच्याकडे उरलेले नाही. रोमचे ते नावाडी माझ्या रक्ताचे कोणी नव्हेत. तरीही दुसऱ्याच्या साम्राज्याची सीमा राखण्यासाठी घरापासून इतक्या दूर गेलेल्या माणसांना पूर्वज मानायला माझे मन तयार झाले.

आर्बियाच्या संग्रहालयात रेजिना नावाच्या स्त्रीचा समाधीदगड आहे, त्यासमोर घाई करू नये. तिचा नवरा बाराटेस सीरियातील पाल्मिराचा होता. ती दक्षिण ब्रिटनमधील एका जमातीची, आधी त्याची दासी आणि मग मुक्त होऊन त्याची पत्नी झालेली, तिसाव्या वर्षी वारली. वरचा मजकूर रीतीप्रमाणे लॅटिनमध्ये कोरलेला आहे. त्याखाली पाल्मिराच्या लिपीत एकच ओळ आहे, ‘रेजिना, बाराटेसने मुक्त केलेली, हाय!’ आसपास ती ओळ वाचू शकणारे किती जण असतील याचा हिशेब त्याने केलेला दिसत नाही.

त्यानंतर विंडोलँडा, भिंतीजवळचा दुसरा रोमन किल्ला. न्यूकॅसल-कार्लाइल मार्गावरील रेल्वेने हेक्सम किंवा हॉल्टव्हिसल गाठावे आणि तिथून एडी 122 ही बस धरावी. भिंतीचे काम ज्या वर्षी सुरू झाले, त्याचाच हा क्रमांक. बस हंगामी आहे आणि फेऱ्या मोजक्या आहेत, म्हणून परतीची शेवटची वेळ आधीच लिहून ठेवावी. बार्डन मिल स्थानकावरून चालतही जाता येते, पण तो चढ सुमारे तीन किलोमीटरचा आहे आणि उघड्या माळावरचा वारा छत्री टिकू देत नाही. छत्रीऐवजी पाऊस अडवणारे जाकीट आणि भक्कम बूट घ्यावेत. प्रवेश सशुल्क आहे. विद्यार्थी ओळखपत्र जवळ असू द्यावे.

इथल्या ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीने शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सुमारे एकोणीस शतके जपल्या. पहिल्या पट्ट्या 1973 साली सापडल्या. एकीत कोणीतरी एका सैनिकाला मोजे, दोन जोड चपला आणि अंतर्वस्त्रांचे दोन जोड पाठवल्याचे कळवले आहे. धाडणाऱ्याचे नाव टिकलेले नाही, आणि आईने पार्सलमध्ये कोंबलेले लोकरी मोजे घालूनच मी ते वाचत होतो. दुसरी पट्टी तुंग्रियन तुकडीची हजेरी आहे: एकूण 752, त्यांपैकी 456 बाहेरगावी, आणि ठाण्यावरच्या 31 अपात्रांत 15 आजारी, 6 जखमी व डोळे आलेले 10. हे तुंग्रियन आजच्या बेल्जियमच्या भागातले. असे परके शिपाई साधारण 25 वर्षे चाकरी करत, तेव्हा कुठे त्यांना रोमचे नागरिकत्व मिळे.

बहुतेक पट्ट्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इथे मोजक्याच ठेवल्या आहेत. तरीही ज्या मातीतून त्या निघाल्या तिच्याशेजारी त्या पाहणे मला अधिक मोलाचे वाटते. उत्खनन उन्हाळ्याच्या हंगामात चालते. खोदणारे स्वयंसेवक प्रश्नांना आनंदाने उत्तरे देतात, त्यामुळे शक्यतो त्याच काळात आणि कामाच्या दिवशी जावे. एकाच दिवसात हाउसस्टेड्सचा किल्लाही उरकता येतो, मात्र वेळ कमी असेल तर मी विंडोलँडाच निवडेन. आईवडील भेटीला आले असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील, तर आर्बिया त्यांना सोयीचे पडेल. विंडोलँडाचे संग्रहालय खाली ओढ्याकाठी आहे आणि परतताना चढण चढावी लागते.