पुढच्या तारखेचा चेक
आज अर्धी दुपार एचलेजर या हिशोबाच्या प्रोग्रामशी झटापट. टर्मिनलवर, कमांड टाइप करून हिशोब ठेवायचं खूळ माझंच, तक्रार कुणाकडे करणार? जर्नलमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, टिल्डचं चिन्ह (~), पुढे 'मंथली' लिहून घरभाडं, एसआयपी, मेंटेनन्स या दरमहाच्या नोंदी टाकल्या. पुढचा अंदाज दाखवणारा 'फोरकास्ट' पर्याय लावून पाहिला तर पुढचे २ महिने कोरे! भाडं थेट तिसऱ्या महिन्यापासून. क्षणभर बरंही वाटलं.

मग सापडलं. पुढच्या तारखेचा एक चेक मी आधीच नोंदवून बसलो होतो, आणि अंदाज धरला जातो शेवटच्या खऱ्या नोंदीच्या दुसऱ्या दिवसापासून. फोरकास्टला सुरुवातीची तारीख हाताने दिली, भाडी निमूट परत आली.

एप्रिलमध्ये विम्याचा हप्ता गेल्यावर खात्यात उरतात १,१४० रुपये. आई नव्या कूलरचं म्हणत होती. तिला म्हटलं, मेमध्ये बघू.