वारा पश्चिमेचा, कौलं पूर्वेची

वादळात एका बाईंच्या कौलारू घराचं छप्पर उघडं पडलं, पण नुकसानीच्या सर्व्हे अहवालातल्या एका वाक्यावर त्यांचा विम्याचा दावा अडला होता: ‘वारा पश्चिमेकडून असताना पूर्वेच्या पाख्यावरची कौलं निघाली आहेत, सबब नुकसान जुन्या झिजेचं आहे.’ (पाखं म्हणजे छपराची एक उतरती बाजू.) झीज पॉलिसीत बसत नाही. त्यामुळे पूर्वेच्या पाख्यातलं १२ चौरस मीटर मान्य आणि बाकी नामंजूर.

विमाधारकाच्या बाजूने दावे मांडणं हे माझं काम. रक्कम कमी आली की लोक आधी दरावर भांडतात, पण दरात फारसं काही हाती लागत नाही. पैसा गळतो तो कारणात, मापात आणि घसाऱ्यात, म्हणजे जुनेपणापोटी होणाऱ्या कपातीत. इथे तिन्ही ठिकाणी गळला होता. पहिलं पत्र म्हणून एकाच ओळीचं दिलं: अहवालाची आणि मोजमापाच्या तक्त्याची प्रत द्या. त्या आधी लांबलचक हरकतपत्र लिहिणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

वारा समोरून आदळतो आणि कौलं ढकलून देतो, अशी बहुतेकांची समजूत असते. सर्व्हेअरचीही असावी, याचं मला वाईट वाटलं. हे छप्पर ३० अंश उताराचं होतं. अशा छपरावर आढं, म्हणजे छपराचा वरचा कणा, ओलांडताना वारा पृष्ठभागापासून सुटतो, पलीकडच्या पाख्यावरचा दाब घटतो आणि घरातली हवा कौलांना खालून वर रेटते. आढ्यालगत आणि कडांना ही ओढ सगळ्यात जास्त असते. वाऱ्याच्या बाजूची खिडकी फुटली तर आतला दाब आणखी चढतो. या घराची पश्चिमेची खिडकी फुटली होती, आणि त्याच अहवालात ती ‘वादळाचं नुकसान’ म्हणून मान्यही होती. दोन पानांच्या अंतरावर एकच अहवाल स्वतःच्या विरोधात बोलत होता.

वाऱ्याच्या वेगाचंही तसंच. अहवालात ताशी ५८ किलोमीटर लिहिलं होतं. तो दहा मिनिटांच्या सरासरीचा आकडा होता. जवळच्या हवामान केंद्राची त्याच तासाची नोंद मागवली, तर झोताचा, म्हणजे काही सेकंदांपुरता, वेग ९४ निघाला. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ९४ चा जोर ५८ च्या अडीच पटींहून जास्त. आणि कौल उचललं जातं ते झोतात, सरासरीत नाही.

संयुक्त पाहणी सात आठवड्यांनी झाली. सर्व्हेअर शिडीवर होते, मी त्यांच्या खालच्या पायरीवर. फुटकं कौल त्यांच्या हातात दिलं. तुटलेली कड आतून लालभडक होती आणि शेवाळ फक्त वरच्या अंगावर होतं. जुनी चीर असती तर कडेवरही काळपट थर चढला असता. मग रिपांवरची, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांवरची, खिळ्यांची भोकं पाहिली. इथे एक घोळ होता: वादळानंतर तात्पुरती ताडपत्री बसवताना मारलेल्या खिळ्यांची भोकंही तितकीच ताजी होती. पण ती एका रेषेत, ठरावीक अंतरावर होती. उपटल्या गेलेल्या खिळ्याचं भोक एका बाजूला फाटतं आणि आतले लाकडाचे तंतू पांढुरके दिसतात. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, टॉर्च मारला आणि म्हणाले, “हे मी खालून पाहिलं होतं.” पहिल्या भेटीत ते शिडीवर चढलेच नव्हते. पाहणी खालून झाली की वर, हे अहवालात लिहिणं सक्तीचं असायला हवं.

कारण मान्य झालं, मग माप. पूर्वेचं पाखं ४८ चौरस मीटर धरलं होतं: लांबी १२, रुंदी ४. ही रुंदी नकाशावरची, जमिनीवर आडवी मोजलेली. भिंतीबाहेर आलेली अर्धा मीटर वळचण सोडून दिली होती आणि उतार धरलाच नव्हता. ३० अंशाला आडव्या मापाला १.१५५ ने गुणावं लागतं. साडेचार गुणिले १२ म्हणजे ५४, आणि उतारासह ६२.४. तब्बल २३ टक्के कौलं, रिपा आणि मजुरी कागदावरच नव्हती. हे माप लहान टेपने दहा मिनिटांत तपासता येतं.

घसारा सरसकट ४० टक्के कापला होता. कौलांवर ठीक. पण परांची, राडारोडा उचलणं, सुताराची मजुरी यांवरही? आज केलेलं काम जुनं कसं होईल? बिलात अशा बाबी निम्म्या असतील तर शंभरातले वीस इथेच जातात. काही पॉलिसींत मजुरीवरही घसाऱ्याची तरतूद असते, म्हणून आधी कलम वाचलं. इथे ते नव्हतं. शिवाय पॉलिसी नव्याने उभारणीची होती: काम पूर्ण करून मुदतीत बिलं दिली की कापलेला घसारा मागता येतो. मंजुरीपत्रात याबद्दल अवाक्षर नव्हतं. ताडपत्रीचा खर्चही गाळला होता. पुढचं नुकसान टाळण्यासाठी केलेला खर्च तो, बिल जोडल्यावर मिळाला.

दरम्यान ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेली पावती सहीसाठी आली होती. बाईंना ती परत पाठवायला सांगितली आणि सोबत पत्र दिलं: वाद नसलेली रक्कम अंशतः स्वीकारतो, उरलेल्यावरचा हक्क राखून.

सगळं सुटलं, मागच्या खोलीचं छत सोडून. भिजून फुगलेले तक्ते बाईंनी तिसऱ्या दिवशी उतरवून टाकून दिले. घरात लहान मूल, कुबट वास, काय करणार. पॉलिसीच सांगते की नुकसान वाढू देऊ नका, आणि मग तीच कंपनी विचारते, तक्ते कुठे आहेत? फोटो होते, पण सगळे जमिनीवर साचलेल्या पाण्याचे. कॅमेरा एकदाही वर वळला नव्हता. वरच्या वाशात ओलावा २८ टक्के, शेजारच्या खोलीत १४. वासे मान्य झाले, तक्ते नाही. वासा भिजला तर त्याच्या खालचा तक्ता कोरडा कसा राहिला, हे मी दोनदा लेखी विचारलं. उत्तरात दोन्ही वेळा ‘पुरावा उपलब्ध नाही’ एवढंच.

तक्रार वर नेता आली असती. बाई थकल्या होत्या, म्हणाल्या, “पुरे आता, सही करते.” मी अडवलं नाही. फाइल बंद करताना पिशवीच्या तळाशी तक्त्याचा हाताएवढा तुकडा सापडला, ओलाव्याचा पिवळा डाग असलेला. मुलाने खेळायला ठेवला होता.