टॉवर कसा दिसतो, हे इथे आधी विचारतात

लंडनमध्ये नव्या इमारतीची पहिली खबर दिव्याच्या खांबावर मिळते. आमच्या स्टेशनासमोर कौन्सिलचा असाच एक कागद प्लास्टिकमध्ये घालून बांधला होता: जुनं गोदाम पाडून तिथे पस्तीस-चाळीस मजल्यांचा निवासी टॉवर, २१ दिवसांत मत कळवा. मत कुणीही द्यावं. भाडेकरू असलात, इथले नागरिक नसलात तरी चालतं. आमच्या गोव्यात, फोंड्याकडे मेगा प्रोजेक्ट कळतो तो जेसीबी डोंगरावर चढल्यावर, त्यामुळे मला याचंच अप्रूप.

बिल्डरने लायब्ररीच्या हॉलात मॉडेल मांडलं होतं, चहा-बिस्किटं फुकट. भिंतीवरच्या चित्रात प्रत्येक गॅलरीत एक झाड आणि वर निळंशार आभाळ. एक म्हातारे गृहस्थ चित्राला नाक लावून म्हणाले, "हे लंडन नव्हे, स्पेन आहे." एका बाईंनी मॉडेलभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि एकच विचारलं, जानेवारीत दुपारी सावली कुठवर येणार? मागून एक तरुण जोडपं पुटपुटत होतं की रूप राहू दे, भाडं सांगा.

लोक रूपावर इतके का तुटून पडतात, ते नियम वाचल्यावर कळलं. "माझ्या खिडकीतून नदी दिसणार नाही", "माझ्या फ्लॅटची किंमत उतरेल" या हरकती नियोजनात धरतच नाहीत. इमारतीचं रूप, अडणारा उजेड, शेजाऱ्याच्या घरात डोकावणाऱ्या खिडक्या हे मात्र धरतात. मग ज्याची नदी जाणार तोही विटांच्या रंगावर पानभर लिहितो! निम्मी सौंदर्यदृष्टी अशीच असावी असा माझा संशय.

आणि एवढं करून निघतं काय? एलिफंट अँड कॅसलचा स्ट्राटा टॉवर घ्या. १४८ मीटर उंच, माथ्यावर तीन पवनचक्क्या, त्या फिरताना क्वचितच दिसतात. ब्रिटनमधल्या सर्वांत कुरूप नव्या इमारतीला 'कार्बंकल कप' देत, तो २०१० मध्ये याला मिळाला. परवानगी रीतसरच मिळाली होती.

घरी फोनवर हे सांगितलं तर बाबांचं एकच, "माडाच्या वर गेलं ते गोंयचं नव्हे." मी म्हटलं, बाबा, मुंबईत पेडर रोडला २८ मजल्यांचं कांचनजंगा उभं आहे, ते चार्ल्स कोरियांचं. मूळ गोव्याचा माणूस. पणजीत मांडवीकाठी कला अकादमी बुटकी, पसरट ठेवली ती त्यांनीच. कांचनजंगाच्या कोपऱ्यांत त्यांनी दोन मजले उंचीच्या गॅलऱ्या खोल आत घेतल्या, म्हणजे पश्चिमेचं ऊन आणि पावसाची झड थेट दिवाणखान्यात येत नाही. आपला बलकांवच की, गोव्याच्या घरापुढची बसायची ओसरी, वर नेलेला. बाबा गप्प. पटलं म्हणून नव्हे, जेवण वाढलं होतं म्हणून.

गोव्यात लोकमताला धार नाही असं कुणी म्हणू नये. कुठल्या जमिनीवर काय उभं राहील हे ठरवणारा 'प्रादेशिक आराखडा २०११' लोकांनी २००७ मध्ये सरकारला मागे घ्यायला लावला. पाणी, कचरा, डोंगरकापणी हे प्रश्न आधी यायलाच हवेत. पण लोक तिथेच थांबतात. चार मजल्यांची, नियमात बसणारी इमारत उभी राहते तेव्हा तिच्या रूपाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. रस्त्याच्या बाजूला पार्किंगचे खांब नि कंपाउंडची भिंत, आमच्या पावसात सपाट गच्ची, दुसऱ्याच वर्षी भिंतींवर काळे ओघळ. हे नकाशात दिसतं, पण नकाशा मागतो कोण?

मी इथे हरकत लिहिली ती उंचीवर नाही, तळमजल्यावर. रस्त्याकडे सलग काच, एक दुकान नाही, टेकायला बाक नाही, आणि परवडणाऱ्या घरांचं दार मागच्या गल्लीत. कौन्सिलकडून पोच आली, निर्णय अजून नाही. तिकडे गावी आमच्या वाड्याजवळही काहीतरी उभं राहतंय म्हणे. येत्या रविवारी ग्रामसभा आहे, बाबांना म्हटलंय, मजले मोजून झाले की तळमजल्याचा नकाशाही मागा.