तुम्ही विचारलंत म्हणून: कोलेस्टेरॉल वाढलं, मग थायरॉइड कायले तपासाचं?

"रिपोर्टात कोलेस्टेरॉल निंगालं, मंग थायरॉइडचं रक्त कायले काढता?" गावोगावच्या तपासणीत हा प्रश्न हमखास येतो. तपासणीला पैसे लागतात, तेव्हा विचारणं रास्तच आहे.

रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उचलतं ते मुख्यतः यकृत. त्यासाठी त्याच्या पेशींवर रिसेप्टर, म्हणजे एलडीएल पकडणारे आकडे, असतात आणि ते पुरेसे बनायला थायरॉइडचं हार्मोन लागतं. हार्मोन कमी पडलं की एलडीएल रक्तात रेंगाळतं. त्यातलं व्हिटॅमिन ई आधी खर्ची पडतं, मग उघड्या राहिलेल्या जवसाच्या तेलासारखी त्यातली चरबी खवटते. धमनीच्या भिंतीत थर साचवण्यात या खवटलेल्या एलडीएलचा मोठा हात असतो.

स्टॅटिनची गोळी यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारं एक एन्झाइम अडवते. आत तुटवडा पडतो, म्हणून यकृत रिसेप्टर वाढवून रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. औषध उत्तम आहे. पण थायरॉइड मंद असताना त्याचा गुण कमी येतो आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. निंदणी-वेचणी करणाऱ्या बाईच्या मांड्या दुखल्या की घरचे कामाचा शीण म्हणतात, तिथेच उशीर होतो. अंग दुखून लघवी गडद चहासारखी झाली तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टीएसएच (थायरॉइड मंदावलं की रक्तात वाढणारं हार्मोन) 10 च्या वर असेल आणि हार्ट अटॅक किंवा लकवा होऊन गेलेला नसेल, तर बहुधा आधी थायरॉइडची गोळी देतात. टीएसएच जागेवर आलं की कोलेस्टेरॉल पुन्हा तपासायचं. अनेकांचं तेवढ्यानंच उतरतं. अटॅक येऊन गेलेल्यांनी मात्र स्टॅटिन आपल्या मनानं बंद करू नये.

थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर, साध्या पाण्यासोबत घ्यायची. चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासानं. ही गोळी आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांच्यात 4 तासांचं अंतर हवंच, नाहीतर औषध आतड्यातच अडकतं आणि डोस उगाच वाढत जातो. मे महिन्यात बाटली टिनाच्या छपराखाली ठेवू नका, उन्हाच्या तापानं गोळीचा जोर कमी होतो. माठाशेजारची ओलही तिला चालत नाही. फेरतपासणी 6 ते 8 आठवड्यांनी. त्याआधी केलेला टीएसएच फसवतो.

"अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल घेऊ का?" म्हणजे चरबीला खवटण्यापासून वाचवणाऱ्या व्हिटॅमिन ई सारख्या द्रव्यांच्या. त्यावर पैसे घालवू नका. ब्रिटनमध्ये 20,536 जणांवर झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हिटॅमिन ई, सी आणि बीटा-कॅरोटीन सुमारे 5 वर्षं देऊनही हृदयविकार टळला नाही. सिमव्हास्टॅटिननं मात्र तो ठळकपणे कमी झाला. स्टॅटिन ज्या वाटेवर एन्झाइम अडवतं, त्याच वाटेवर कोएन्झाइम क्यू-10 हे शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंटही बनतं, म्हणून रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. तरी ते बाहेरून घेऊन स्नायूदुखी थांबते, असं खात्रीनं सिद्ध झालेलं नाही.

स्टॅटिन चालू असताना आपली नागपुरी संत्री खुशाल खा. टाळायचं ते ग्रेपफ्रूट, आणि जपून खायचं ते पपनस. त्यांतली द्रव्यं आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम अडवतात आणि ॲटॉर्व्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन रक्तात नको तेवढं चढतं.