चालेल त्याला मत

आमच्या सोसायटीची ट्रिप कुठे न्यायची यावर मागच्या वर्षी व्हॉट्सॲपवर पोल टाकला होता, एकाला एकच मत. कोकणवाल्यांची मतं अलिबाग, गुहागर आणि तारकर्लीत फुटली आणि ज्या महाबळेश्वरला निम्म्या लोकांना जायचंच नव्हतं तेच जिंकलं. मग काकू म्हणाल्या, अरे सरळ विचारा ना, कोणाकोणाला काय काय चालेल? परत विचारलं, एकाने कितीही ठिकाणांना टिक करा. गुहागर आलं, भांडण मिटलं.

याला अप्रूव्हल व्होटिंग म्हणतात हे मला नंतर कळलं. उमेदवार तेच, मशीन तेच, फक्त जे जे चालतील त्या सगळ्यांसमोरचं बटण दाबायचं, आणि ज्याला सर्वात जास्त लोकांनी "चालेल" म्हटलं तो निवडून आला. बस.

आपल्याकडे निकालाच्या दिवशी "मतं खाल्ली" हा शब्द येतोच. २०१९ ला नांदेड लोकसभेत अशोक चव्हाण ४० हजार मतांनी पडले, आणि वंचितच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजार मतं होती. लगेच बी टीम वगैरे सुरू. मला हे कधीच पटलं नाही, ती मतं काय चव्हाणांच्या मालकीची होती का? लोकांनी आपल्या पसंतीच्या माणसाला दिली. पण त्या १ लाख ६६ हजारांतल्या किती जणांना चव्हाणही चालले असते, किंवा जिंकलेले भाजपचे चिखलीकरही चालले असते, हे विचारायची सोयच नव्हती. कदाचित निकाल तोच लागला असता. पण कोणी कोणाची मतं खाल्ली हा वाद तरी उरला नसता, आणि छोट्या पक्षाला "तुला मत म्हणजे वाया" हे ऐकावं लागलं नसतं, त्याची खरी ताकद आकड्यात दिसली असती.

लोकांना जमणार नाही म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०१७ ला पुण्यात महापालिकेला चार नगरसेवकांचा एक प्रभाग होता, आई अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबून बाहेर आली, वर मलाच ऐकवलं की शेवटचं दाबल्याशिवाय मोठा बीप येत नाही हं. म्हणजे एकापेक्षा जास्त बटणं दाबायची सवय आहे आपल्याला (तिथे प्रत्येक जागेला एकच मत असतं, तो भाग वेगळा).

अमेरिकेत सेंट लुईस शहरात २०२१ ला महापौरपदाची पहिली फेरी अशीच झाली, टिशौरा जोन्सना साधारण ५७ टक्के लोकांनी टिक केलं आणि कारा स्पेन्सरना ४६. बेरीज शंभरच्या वर जाते ते बरोबरच आहे, घाबरू नका. दोघी पुढच्या फेरीत गेल्या आणि जोन्स जिंकल्या. फार्गो शहराने तर २०१८ मध्ये सार्वमत घेऊन ही पद्धत आणली होती, पण २०२५ ला नॉर्थ डकोटा राज्याने कायदा करून ती बंदच केली. शहराने ठरवायचं आणि राज्याने मोडायचं, ही गंमत काय फक्त आपल्याकडेच नाही.

खोट आहेच यात. मला एक जण मनापासून हवाय आणि दुसरा नुसता चालेल, तरी दोन्ही टिकांचं वजन सारखंच, त्यामुळे माझ्याच दुसऱ्या टिकने माझा पहिला पडू शकतो. मग लोक हुशारी करून एकच बटण दाबतील. दाबू देत की, तेव्हा आजच्यासारखंच होईल, त्याहून वाईट तर नाही ना?

यंदाच्या ट्रिपचा पोल उद्या टाकतोय. महाबळेश्वरवाले आत्तापासून एकच टिक करायचं म्हणून ठरवून बसलेत.