व्हीआर हेडसेट: धूसर चित्र आणि भरकटणारा कंट्रोलर

डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणाऱ्या या हेडसेटमध्ये चित्र धूसर दिसलं की लोक आधी सेटिंग्ज उघडतात. दोष बहुतेकदा बसवण्यात असतो. मागचा पट्टा डोक्याच्या फुगवट्याखाली घ्या आणि हेडसेट चेहऱ्यावर हळूहळू वर-खाली सरकवा. एका जागी अक्षरं एकदम स्पष्ट होतात. मग भिंगांमधलं अंतर. ते डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराएवढं हवं. प्रौढांमध्ये हे अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असतं, पण सरासरीवर विसंबू नका, दुसऱ्याकडून पट्टीने मोजून घ्या. भिंगं कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा. स्पिरिटने भिंगांवरचा लेप खराब होतो.

हातातला कंट्रोलर भरकटतोय? हेडसेटचे कॅमेरे खोलीतल्या कडा-कोपऱ्यांवरून हेडसेटची जागा ठरवतात आणि कंट्रोलरवरही तेच नजर ठेवतात. अंधार, कोरी भिंत किंवा मोठा आरसा असला की ते गोंधळतात. दिवा लावा, आरसा झाका, कॅमेऱ्यांच्या काचा पुसा. तरीही फरक नाही, तर कंट्रोलरचे सेल बदला. (चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे, साधे १.५ चे, म्हणून बॅटरी उगाच कमी दिसते.)

पीसीवरून वायरलेस खेळताना चित्र अडखळलं, तर पीसी राउटरला केबलने जोडा, हेडसेट ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर ठेवा.

आणि हेडसेट उन्हात कधीच नको. भिंगातून ऊन एकवटून स्क्रीनवर डाग पडतो, तो कायमचा.