रग्बी कुठून आली आणि तिच्यासाठी अंग कसं तयार करायचं

इंग्लंडमधल्या वॉरविकशर परगण्यात रग्बी नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत एक शिळा बसवलेली आहे. १८२३ साली विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने तेव्हाच्या फुटबॉलचे नियम धुडकावून चेंडू हातात घेतला, तो घेऊन धावत सुटला आणि त्यातून रग्बीचा जन्म झाला, असं तिच्यावर कोरलंय. पुरुषांच्या रग्बी विश्वचषकाच्या करंडकालाही त्याचंच नाव दिलेलं आहे. गोष्ट छान आहे, पण तिचा पाया फार कच्चा आहे. ती छापून आली ती १८७६ मध्ये, म्हणजे एलिस वारल्यानंतर चार वर्षांनी. सांगणारे मॅथ्यू ब्लॉक्सम स्वतः १८२३ च्या आधीच शाळा सोडून गेले होते. १८९५ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी रीतसर चौकशी केली, तेव्हा तो प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला एकही माणूस मिळाला नाही.

मला त्यापेक्षा जास्त रस वाटतो तो नंतरच्या वीसेक वर्षांत. चेंडू घेऊन पुढे पळणं या शाळेत हळूहळू रुळत गेलं. १८३० च्या दशकाच्या शेवटी जेम मॅकी नावाचा दांडगा विद्यार्थी त्यासाठी प्रसिद्ध होता. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा पळण्याला मान्यता मिळाली आणि १८४५ मध्ये शाळेच्याच तीन मुलांनी ३७ नियम लिहून काढले. त्यात गुडघ्याच्या खाली समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायला परवानगी होती, फक्त टाच वापरायची नाही. १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन स्थापन होत असताना वाद पेटला तो यावरच. चेंडू घेऊन धावणं आणि लाथा मारणं दोन्ही बाद होणार म्हटल्यावर ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. पुढे २६ जानेवारी १८७१ रोजी २१ क्लबांनी लंडनमध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली आणि गंमत म्हणजे त्यांनीही लाथा मारणं बंदच केलं. त्याच वर्षी २७ मार्चला एडिंबरात स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. तो स्कॉटलंडने जिंकला.

त्या सामन्यात एका बाजूला २० खेळाडू होते, त्यातले बहुतेक घोळक्यात उभ्याने रेटारेटी करणारे. नुसता चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवण्याला गुण नव्हते, त्याने फक्त गोलावर किक मारायचा हक्क मिळायचा. १८७७ पासून १५ खेळाडू झाले, मैदान मोकळं झालं, धावणं आणि पास देणं वाढलं. या टेकवण्याची, म्हणजे ट्रायची, किंमतही चढत गेली. १९७१ मध्ये ती ४ गुण झाली आणि १९९२ मध्ये ५. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डला जमून वेगळे झाले, कारण खेळापायी बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यांना हवी होती. त्यातून पुढे १३ खेळाडूंची रग्बी लीग उभी राहिली. १५ खेळाडूंची मूळ रग्बी, म्हणजे रग्बी युनियन, मात्र ऑगस्ट १९९५ पर्यंत हौशीच राहिली.

शरीराच्या तयारीच्या आधी इतिहास सांगायचं कारण साधं आहे. लाथा गेल्या आणि घोळक्यातली रेटारेटी कमी झाली, तसा प्रतिस्पर्ध्याला अडवण्याचा मुख्य मार्ग एकच उरला, हातांनी आणि खांद्याने धरून पाडणं, म्हणजे टॅकल. आजच्या खेळाडूच्या अंगावर पडणारा बहुतेक भार तिथूनच येतो. पडायचं, उठायचं, पळायचं, पुन्हा भिडायचं, आणि हे ८० मिनिटं. नवीन मुलं मात्र तयारी म्हणून दंड आणि छाती फुगवतात आणि रोज पाच किलोमीटर संथ धावतात. माझं ठाम मत आहे की सुरुवात मानेपासून आणि पडण्यापासून करावी. ताकद त्यानंतर, आणि वजन वाढवणं सगळ्यात शेवटी.

मानेचा व्यायाम असा. ताठ बसा, हनुवटी किंचित आत घ्या. तळहात कपाळावर ठेवून डोकं पुढे दाबा, हाताने अडवा. डोकं जागचं हलता कामा नये. पहिले दोन आठवडे निम्म्याच जोराने, १० सेकंद. मग हात डोक्याच्या मागे, मग उजवीकडे, मग डावीकडे. चार दिशा मिळून एक फेरी, अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. त्रास नसेल तर तिसऱ्या आठवड्यापासून जोर वाढवा. महिनाभराने हात आणि गुडघे टेकून चौपायी व्हा, पाठ सपाट ठेवा आणि साथीदाराला तुमच्या डोक्यावर वेगवेगळ्या दिशांनी हलका, न सांगता दाब द्यायला सांगा. टॅकलमधला धक्का सांगून येत नाही, म्हणून मानेने अचानक आवळायला शिकणं हेच यातलं खरं काम. चुका ठरलेल्या असतात. श्वास कोंडला जातो, खांदे कानापर्यंत चढतात, हनुवटी पुढे निघते. खांदे चढले की वरचे स्नायूच काम ओढून घेतात आणि मानेच्या पुढच्या बाजूचे खोल स्नायू तसेच कच्चे राहतात. डोकं आणि पाय टेकून सगळं अंग डोक्यावर तोलायचा व्यायाम (पूल) पहिल्याच महिन्यात कुणी करू नये. हाताला मुंग्या आल्या किंवा कळ खाली उतरली, तर थांबून डॉक्टरांना दाखवा.

पडणं शिकवावं लागतं, ते आपोआप येत नाही. चेंडू हातात असताना तोल गेला की हात टेकवायची ऊर्मी येते, आणि पसरलेल्या हातावर पडल्यामुळे मनगट किंवा गळ्याजवळचं हाड (कॉलरबोन) मोडू शकतं. चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरा, गुडघे वाका, अंग एका बाजूला वळवा. आधी मांडीची बाजू, मग कुल्ला, मग खांद्याची मागची बाजू, असं क्रमाने जमिनीला लागू द्या. हनुवटी छातीकडे, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ समोरच्या संघाकडे ठेवा आणि चेंडू आपल्या बाजूला लांबवर टेकवा. गुडघ्यांवर बसून दोन्ही बाजूंना दहा दहा वेळा करा, मग उभ्याने, मग चालताना, मग पळताना.

टॅकलचंही तसंच. दोघंही गुडघ्यांवर, मग टॅकल करणारा गुडघ्यांवर आणि समोरचा चालत, मग दोघं चालत, मग हलकं पळत. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही खांद्यांनी नीट जमल्याशिवाय पुढे जायचं नाही. शेवटची दोन पावलं छोटी आणि झपाट्याची हवीत. ज्या खांद्याने भिडायचं त्याच बाजूचा पाय समोरच्याच्या अगदी जवळ पडला पाहिजे. पाय लांब राहिला की अंग पुढे झेपावतं, डोकं खाली जातं आणि जोर पायांऐवजी मानेवर येतो. नजर वर, समोरच्याच्या कमरेच्या पट्ट्यावर. पाठ सरळ. खांदा मांडीच्या वरच्या भागावर लागेल, तुमचा गाल त्याच्या कुल्ल्याच्या बाजूला चिकटेल. डोकं कायम त्याच्या मागच्या बाजूला, पुढे कधीच नाही. डोकं पुढे गेलं की त्याचा गुडघा किंवा कंबर थेट डोक्यावर आदळते. टॅकलमध्ये डोक्याचा मार धावणाऱ्यापेक्षा टॅकल करणाऱ्यालाच जास्त वेळा बसतो. दोन्ही हातांनी घट्ट वेढा आणि पाय चालू ठेवा. नियमाने खांद्याच्या रेषेच्या वर टॅकल करता येत नाही, आणि फ्रान्स व इंग्लंडमध्ये हौशी खेळासाठी ही मर्यादा त्याहूनही खाली आणलेली आहे.

फॉरवर्डना, म्हणजे संघातल्या पुढच्या आठ खेळाडूंना, स्क्रमची वेगळी तयारी लागते. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांत खांदे गुंतवून चेंडूसाठी रेटतात. आठ विरुद्ध आठ, ‘क्राउच, बाइंड, सेट’ या पुकाऱ्यावर. पाय खांद्याएवढे रुंद, गुडघे साधारण ११० ते १२० अंशांत, पाठ टेबलासारखी सपाट, छाती पुढे, नजर समोर. खांदे कमरेच्या खाली गेले की जोर जमिनीकडे जातो आणि स्क्रम कोसळतो. पाय फार मागे गेले तर माणूस तोंडावर पडतो, फार जवळ राहिले तर पाठीला बाक येतो. यासाठी एक साधा सराव चांगला आहे. चौपायी होऊन गुडघे जमिनीपासून चार-पाच सेंटीमीटर उचला आणि २० सेकंद धरा. साथीदार खांद्यांवर हलका रेटा देईल, पण पाठ हलू द्यायची नाही. असं पाच वेळा. हे जमत नसेल तर स्क्रम मशीनपाशी, म्हणजे रेटायच्या सरावाच्या यंत्रापाशी, जायची घाई नको. पुढच्या रांगेत तर तयारी नसलेल्या खेळाडूला कधीच उभं करू नये, यात तडजोड चालत नाही.

ताकदीसाठी आठवड्यात दोन दिवस पुरतात. स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), रोइंग (वजन अंगाकडे ओढणं), खांद्यावर प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं), आणि हातात वजन घेऊन चालणं. नवख्याने तीन सेट, प्रत्येकी पाच ते आठ वेळा, आणि शेवटी दोन वेळा उचलायचा दम उरला पाहिजे. सगळे सेट स्वच्छ झाले तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. ढकलायच्या जितक्या फेऱ्या तितक्याच ओढायच्या ठेवा. नुसती बेंच प्रेस (पाठीवर झोपून वजन वर ढकलणं) पुरत नाही, कारण टॅकलमध्ये हात बाहेर ताणला गेला की खांदा निखळू शकतो.

मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, पूर्ण वेगात पळताना फाटतो, त्यामुळे विंग आणि सेंटर या वेगाने पळणाऱ्या जागांवरच्या खेळाडूंनी नॉर्डिक हा व्यायाम टाळू नये. गुडघे मऊ जागी टेका, साथीदार घोटे दाबून धरेल. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत एक रेष ठेवून चार-पाच सेकंदांत पुढे झुका, आवरेनासं झालं की हातांवर पडा, हातांनीच ढकलून परत या. कमरेत वाकलात तर व्यायाम सोपा होतो आणि निरुपयोगीही. पहिल्या आठवड्यात दोन सेट, प्रत्येकी तीन. सहा-आठ आठवड्यांत तीन सेट, प्रत्येकी आठपर्यंत. सुरुवातीला मांड्या चांगल्याच धरतात, म्हणून सामन्याच्या आधीचे दोन दिवस नको. शिवाय आठवड्यातून एकदा ३०-४० मीटर जवळपास पूर्ण वेगाने चार वेळा पळा, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. हंगामभर एकदाही पूर्ण वेगात न पळलेल्या पायांना तो वेग पहिल्यांदा सामन्यात भेटला, की दुखापत होते.

दमासाठी संथ धावणं पाया म्हणून ठीक आहे, पण रग्बीचा दम तुटक असतो. पाच मीटरवर दोन खुणा ठेवा. पोटावर पडा, उठा, पुढच्या खुणेपर्यंत झेप, मागे पावलं टाकत परत, पुन्हा पोटावर. असं २० सेकंद पूर्ण जोराने, ४० सेकंद चालणं, सहा वेळा. मग तीन मिनिटं थांबून दुसरा संच. शेवटच्या फेऱ्यांत उठायला वेळ लागायला लागला आणि हात गुडघ्यांवर गेले की संच तिथेच संपवा. मरगळलेल्या अंगाने केलेल्या फेऱ्या चुकीच्या सवयी लावतात.

सामना शनिवारी असेल तर सोमवारी हलकी हालचाल आणि मान, मंगळवारी जड वजनं आणि टॅकल, बुधवारी दमाचा सराव, गुरुवारी हलकी वजनं आणि संघाचा सराव, शुक्रवारी आराम. खाण्यात दर किलो वजनामागे दिवसाला दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं पुरेत. बहुतेकांची खरी कमतरता कर्बोदकांची असते, त्यामुळे दुसऱ्या अर्ध्यात पाय जड होतात. सरावाआधी आणि नंतर वजन करा. जितके किलो घटले, त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत, मिठासह.

माउथगार्ड दातांच्या डॉक्टरकडून मापाचा करून घ्या. डोक्यावरची मऊ स्क्रम कॅप कान आणि कातडी वाचवते, पण मेंदूला बसणारा धक्का ती थांबवत नाही. हे स्पष्ट सांगावं लागतं, कारण कॅप घातली की मुलं बेफिकीर होतात.

डोक्याला मार लागल्यावर गोंधळणं, झापड, अंधारी, मळमळ, तोल जाणं, डोकेदुखी, यातलं एकही लक्षण दिसलं तर खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत नाही. बेशुद्ध पडायलाच हवं असं नसतं. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, मानेत तीव्र वेदना किंवा हातापायात बधिरपणा असेल तर थेट रुग्णालय, आणि मानेची शंका असेल तर त्याला जागचं हलवूच नका. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती (रोजची हलकी कामं चालतील), मग चालणं, मग हलकं धावणं, मग धक्क्याशिवायचा सराव. प्रत्येक टप्प्याला निदान २४ तास, आणि लक्षणं वाढली तर एक टप्पा मागे. ब्रिटनमध्ये हौशी खेळासाठीच्या मार्गदर्शनानुसार २१ व्या दिवसाआधी सामना नाही, आणि त्याआधीच्या धक्क्याच्या सरावालाही लागोपाठ १४ दिवस विश्रांतीत कोणतंही लक्षण नसावं लागतं. या तारखा खेळाडूच्या नाही, प्रशिक्षकाच्या वहीत लिहिलेल्या असाव्यात, कारण तिसऱ्या दिवशी प्रत्येक खेळाडू सांगतो की मी ठीक आहे.